दोन तास जास्तीचे

आमच्या तिकीट ऑफिसात ताईंचं टेबल खिडकीपाशी आणि माझं त्यांच्या शेजारी. बावीस वर्षं त्यांनी लोकांना विमानाची तिकिटं काढून दिली, स्वतः मात्र एकदाही विमानात पाय ठेवला नाही. कुठलेही दोन विमानतळ सांगा, मधलं अंतर आणि लागणारे तास त्यांच्या जिभेवर. मी संगणकात बघेपर्यंत त्या सांगून मोकळ्या. मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

प्रवाशाला त्या मिनिटासकट खरी वेळ सांगत. त्याची वाट बघणाऱ्या घरच्यांना मात्र नेहमी दोन तास वाढवून. "उशीर झाला की घरच्यांच्या मनात नको नको ते येतं," त्या म्हणत. "लवकर पोचला तर कुणाचं काय बिघडतं?" हे मलाही पटलं होतं.

त्यांची आई दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होती. परदेशातला धाकटा भाऊ निघाला. सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास. तिकीट ताईंनीच काढलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, झोपेचं इंजेक्शन दिलं की वेदना थांबतील, पण आई पुन्हा जाग्या होतील असं वाटत नाही. आईंनी रात्रभर ते घेतलं नाही. लेकाशी दोन शब्द बोलायचे होते.

सकाळी अकराला मी डबा घेऊन गेले. आई पांघरुणाचं टोक दातांत धरून पडल्या होत्या.

"किती वेळ गं अजून?" त्यांनी विचारलं.

विमानाचे पाच तास उरले होते, पुढे दवाखान्यापर्यंत दीड. "साडेआठ तास, आई," ताई पटकन बोलून गेल्या. माझ्याही काही लक्षात आलं नाही. विमानतळावर गाडी पाठवायची होती, त्या फोनसाठी आम्ही दोघी खाली गेलो.

फोन लागायला वेळ लागला. वर आलो तेव्हा आईंचा चेहरा सैल पडला होता. नर्स सुई गुंडाळत होती.

"आजींनी स्वतःच मागितलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, साडेआठ नाही निघायचे माझ्याच्यानं. दोन तास कमी असते तर सोसलं असतं."

ताई उशाशी बसल्या आणि आईला हाका मारू लागल्या. आधी हळू, मग मोठ्यानं. नर्सनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबल्या. मी ताईंना बावीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. मीच रडले.

साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना भाऊ दारात आला. बॅग खाली टाकून त्यानं आईचा हात हातात घेतला. श्वास चालू होता, तेवढंच.

"काही म्हणाली का?" त्यानं विचारलं.

मी ताईंना डोळ्यांनी खुणावलं, नका सांगू. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तुझ्यासाठी जागी होती. मी तिला दोन तास जास्त सांगितले, म्हणून इंजेक्शन घेतलं तिनं."

त्यानं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"विमान अगदी वेळेवर आलं गं, ताई," तो म्हणाला.