म्हशीच्या शेपटीचं प्रकरण

"सायेब, आदी ही शेपूट बगा. मग झाडाचं बोला."

दत्तूआप्पांच्या एका हातात कुऱ्हाड होती, दुसऱ्या हातात म्हशीची शेपटी. शेपटीचा गोंडा गायब. टोकाला चार केस उरलेले. दिवाळीचा पाडवा पंधरा दिवसांवर आला होता.

ऐंशी-एक्क्याऐंशीचा सुमार. कळंब्याच्या बाजूला शेतांच्या बांधावर झाडं लावून घेणं ही माझी नोकरी. हुद्दा प्लँटेशन ऑफिसर, वाहन सायकल. तेव्हा आमचा सगळा जोर सुबाभळीवर होता. भराभर वाढते, लाकूड देते आणि जनावरं पाला आवडीनं खातात. गावात ती पहिल्यांदा लावली दत्तूआप्पांनी. तीन वर्षांत बांधावर वाशाएवढी झाडं उभी राहिली. त्यांनी ती तोडली असती, तर बाकीच्यांची संध्याकाळपर्यंत आडवी झाली असती. माझी तीन वर्षंही त्यांच्याबरोबर.

"पाल्यानंच झालंय," आप्पा म्हणाले.

"पण शेजारच्या शामरावांची म्हैसही हाच पाला खाते की."

"व्हय. तिला काय झालं न्हाय."

"मग?"

"मग काय? सायेब तुमी. तुमीच सांगा."

मी काय कपाळ सांगणार! पाला तोच, पाणी एकाच विहिरीचं. जनावरांचे डॉक्टर मुल्ला माझे स्नेही. त्यांना घेऊन आलो. त्यांनी उवा शोधल्या, खरूज शोधली. काही सापडेना. दोन माणसं, दोन डिग्र्या, आणि समोर निवांत रवंथ करणारी म्हैस. मी पुरता गोंधळलो. आप्पांकडून कसाबसा एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम धारेच्या वेळी गेलो. शामरावांच्या गव्हाणीत कडबा, उसाचं वाडं आणि वर थोडा पाला. आप्पांच्या गव्हाणीत नुसता पाला. काठोकाठ.

"कडबा कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाडव्याला शिवाजी पेठेत म्हशींच्या मिरवणुकीत न्यायची म्हस ही. तिला कडबा घालू व्हय? दोन म्हैनं झालं, निस्ता पाला. सायबच म्हणालं हुतं मिटिंगला, पाला म्हंजे खुराक, लागंल तेवडा घाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बांधाकडे. म्हणालो होतो खरा, आणि चांगला मोठ्यानं.

"आत्ता उलगडलं," डॉक्टर म्हणाले. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन नावाचा घटक असतो. इतर वैरणीत थोडा मिसळला तर जनावराला पचतो. नुसता तोच घातला तर केस झडतात. "पाला बंद करा, आप्पा. केस परत येतील. पुढं घालाल तो एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत."

"पाडव्यापत्तोर येतील?"

"नाही."

मला फार लाज वाटली. "आप्पा, चूक माझी आहे," मी म्हणालो, "झाडाची नाही." आप्पांनी कुऱ्हाड कुडाला अडकवली आणि कडब्याची पेंढी सोडली.

पाडव्याला मी पेठेत गेलो. गर्दीतून आप्पांची म्हैस आली. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या, आणि शेपटीला भरघोस काळा गोंडा! मी पुन्हा चक्रावलो. पंधरा दिवसांत? जवळ जाऊन पाहिलं, तर कुणा बाईमाणसाचं वेणीत घालायचं गंगावन शेपटीला घट्ट बांधलेलं.

"बोलू नगासा," आप्पा पुटपुटले. "आमच्या मंडळींचं हाय. घरात अजून ठावं न्हाय."

बांधावरची झाडं राहिली. पुढं नोकरीभर शेतकऱ्याला काहीही सांगताना 'लागेल तेवढं' म्हणालो नाही. किती, ते सांगितलं. आणि ठाऊक नसेल तर आधी डॉक्टरांना विचारून आलो.