मावशींची शाळेतली पिलं

मावशी पहिलीतल्या पोराचं मनगट धरायच्या, त्याची आवळलेली मूठ सोडवायच्या आणि उघडा तळहात पिलाच्या नाकाखाली नेऊन ठेवायच्या. "हुंगू दी त्येला. घाई न्हाई," म्हणायच्या. पिलू हुंगायचं, शिंकायचं, मग जीभ लावायचं. पोरगं खुदकन हसलं की मावशी पुढच्या पोराकडे सरकायच्या.

राहू गावाच्या अलीकडे, भीमेकाठच्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली. बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. त्या शाळेत मावशी झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या. मी शिरूरचा, आणि कुत्र्याला जाम भिणारा. लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पहिल्याच आठवड्यात मावशींनी मधल्या सुट्टीत डोक्यावरच्या पाटीतून चार पिलं आणून वर्गात सोडली, तेव्हा मी पाय वर घेऊन खुर्चीवर बसलो. पोरं हसली. मावशी हसल्या नाहीत. "तुमालाबी हात म्होरं करावा लागंल, गुरुजी," एवढंच म्हणाल्या.

गावात कुठंही कुत्री व्याली की पिलं दुडदुडू लागेपर्यंत त्या थांबत. मग आईला भाकरीत गुंतवायचं, पिलं पाटीत घालायची आणि शाळा गाठायची. पोरं गोल करून बसत. सरकारातून पोरांच्या खाऊसाठी सुकडी यायची, तिचा चिमूटभर चुरा प्रत्येकाच्या तळहातावर. ओरडायचं नाही, शेपूट ओढायचं नाही, पिलू आपणहून येईपर्यंत हलायचं नाही. मावशी बौद्धवस्तीतल्या. त्यांच्या हातचं पाणी न पिणारी घरं गावात होती. त्या घरांतली पोरंही या गोलात मावशींच्या मांडीला मांडी लावून बसत, आणि त्याची चर्चा घरी कुणी करत नसे.

हा उद्योग कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"पोरं भित्यात म्हून धोंडा मारत्यात. कुत्री भित्यात म्हून चावत्यात. ल्हानपणीच वळख झाली, तर दोघांचीबी भीती जाती."

ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं घालवून मला कुणी इतकं सरळ काही शिकवलं नव्हतं. शाळा सुटताना तुम्ही कुठल्याही गावात पाहिलं असेल, पोरांच्या खिशात खडे असतात. आमच्या पोरांच्या मागून शेपट्या हलवत कुत्री चालत. मीही हळूहळू हात पुढे करायला शिकलो. एक काळं पिलू माझ्या चपलेवर डोकं टेकून झोपायचं आणि मी तास संपला तरी पाय हलवायचो नाही.

दुसऱ्या वर्षी, थंडीत, एका मळ्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि वासराला चावलं. गाव हादरलं. मोकाट कुत्री विष घालून मारायची, असं ठरवायला चावडीवर बैठक बोलावली. त्या सकाळी मावशी झाडू हातात घेऊनच माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"गुरुजी, मिटिंगमदी येवढं सांगा. शाळंतली सोडा म्हनावं. न्हाईच ऐकलं तर मला येऊन सांगा, म्या समद्यांना बांधून घालते. माझं कोन ऐकनार? तुमचं ऐकत्याल."

मी हो म्हणालो. बैठकीत एका वजनदार माणसानं विचारलंही, "शाळंची काय हरकत न्हाई ना, गुरुजी?" सगळे माझ्याकडे पाहत होते. नोकरी नवी, गाव परकं, आणि पोटातली ती इंजेक्शनंही आठवली. मी मान हलवली. "नाही."

मावशी माझ्या भरवशावर राहिल्या. शाळेतली सोडणार, असं त्या धरून चालल्या, म्हणून त्यांनी कुणालाच बांधलं नाही. दुसऱ्या दिवशी माणसं विषाचे गोळे घेऊन निघाली. माणसाला बिचकणारी कुत्री उसात पळाली आणि वाचली. आमची मात्र हाक न मारताच धावत आली, हात हुंगले, आणि तळहातावरचं खाल्लं. माझं काळं पिलू, आता चांगलं वाढलेलं, शाळेच्या दाराशी पडलं होतं.

मावशींनी एकटीनं खड्डा खणला. मी कुदळ मागितली, ती त्यांनी दिली नाही. "सांगितलं व्हतं ना तुमी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मंग त्या कुत्र्यांचा तरी काय दोष. म्याच शिकवलं. कुनाचाबी हात चाटा म्हून म्याच शिकवलं."

तिथंच खरं बोलायला हवं होतं. बोललो असतो, तर त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या आणि स्वतःला दोष देणं थांबवलं असतं. आज मावशी नाहीत आणि माझी भित्री जीभ अजून मला सलते.

पुढं महिन्या-दीड महिन्यानं वाचलेल्या एका कुत्रीची पिलं हिंडू लागली. पोरं मावशींच्या मागं लागली, त्यांनी ऐकलं नाही. माझी बदली शिरूरकडे झाली होती आणि मी निरोप घ्यायला गेलो होतो. शाळेमागच्या बांधावर मावशी बसल्या होत्या. एक पिलू त्यांच्याकडे येत होतं आणि त्या त्याला ढेकळं मारत होत्या. प्रत्येक ढेकूळ वीतभर बाजूला पडत होतं. पिलाला तो खेळच वाटला. ते ढेकूळ हुंगून पुन्हा शेपूट हलवत यायचं. शेवटी मावशींनी डोळे मिटले आणि नेम धरल्यासारखं एक मारलं. ते पाठीत बसलं. पिलू केकाटत उसात शिरलं आणि परत आलं नाही.

"शिकलं, गुरुजी," मावशी म्हणाल्या, आणि पदर तोंडात कोंबून रडू लागल्या.