निकानोरची जागा

पुनो शहराच्या मोठ्या इस्पितळात मी सव्वीस वर्षं परिचारिका आहे आणि तिथं माझ्याबद्दल एक बोलवा आहे. खाटेवर पडून असलेला एखादा रोगी मला बाजारात नाहीतर सरोवराच्या वाटेवर चालताना दिसला, तर मी हातातलं काम टाकून त्याच्या नातेवाइकांना गाठते. म्हणते, "तुमचा माणूस पावलं गोळा करायला लागलाय. त्याचा सदरा घ्या, जिथं दिसला तिथं जा, आणि हाका मारून आणा त्याला." तरुण डॉक्टर मला हसतात. हसू देत, त्यांची आजी जिवंत असती तर हसली नसती. पण मी एवढी घाई का करते हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर निकानोर कावानाची गोष्ट सांगावी लागते.

निकानोर आसांगारोकडच्या एका खेड्यातला, विधवेचा एकुलता एक मुलगा. मी सतराव्या वर्षी शाळा संपवून विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुनोला आले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आठ वेळा परीक्षेला बसून आठही वेळा परत आला होता. आम्ही दोन्या फेलिपाच्या, म्हणजे फेलिपाबाईंच्या, घरी खोल्या घेऊन राहायचो आणि त्या घरात सगळे परीक्षेवालेच होते. आठही वेळा निकानोरनं अर्ज वैद्यकीला केला होता, म्हणून घरात त्याचं नाव पडलं होतं डॉक्टर.

आमच्याकडे यादीत नाव लागलं की त्याच दिवशी घरचे लोक कात्री घेऊन बसतात आणि पोराचं डोकं भादरतात. गल्लीतून तसं डोकं गेलं की म्हाताऱ्या हात वर करून आशीर्वाद देतात, कारण सगळ्यांना कळतं की याला विद्यापीठ मिळालं. निकानोरनं पहिल्या परीक्षेला शपथ घेतली होती की आता केसांना कात्री लागेल ती त्याच दिवशी. त्याची वेणी कमरेच्या खाली गेली होती. ती तो लोकरीच्या टोपीत कोंबायचा आणि गणित करताना ती हमखास सुटून वहीवर पडायची.

"डॉक्टर, केस गुडघ्याला टेकले की बिनपरीक्षेचं घेतात का हो?" खालच्या खोलीतला रुफो विचारायचा.

"घेतात की. आधी त्या केसांची दोरी वळून तुझी जीभ बांधायला सांगतात," निकानोर मान वर न करता म्हणायचा.

दोन्या फेलिपा चुलीपुढून तोंड घालायची. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एका साली पोट बिघडलं. गेल्या साली सगळ्या उत्तरांचे गोल एक ओळ खाली रंगवून आला. औंदा काय करायचं ठरवलंयस, बाबा?"

"औंदा पास व्हायचं ठरवलंय, दोन्या."

माझं गणित म्हणजे उजेडच होता. निकानोर रोज सकाळी मला स्वयंपाकघरात बसवून शिकवायचा. वाळवलेल्या बटाट्यांचे ढीग करून त्यानं मला अपूर्णांक समजावले. मी तेच ते चौथ्यांदा चुकले तरी तो पाचव्यांदा तेवढ्याच शांतपणे बटाटे मांडायचा. मला जे काही गणित येतं ते त्याच्यामुळे येतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

अर्ज भरायच्या दिवशी आम्ही दोघं एकाच रांगेत होतो, तो माझ्या पुढं. खिडकीत त्यानं कागद सरकवला आणि त्याच्या खांद्यावरून मला विषय दिसला. परिचर्या. माझाच विषय. त्या वर्षी परिचर्येला चाळीस जागा होत्या आणि अर्ज सहाशेच्या वर गेले होते.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "तुम्ही डॉक्टर होणार होता ना? माझ्या जागेवर कशाला येताय?"

"आई थकली, साबीना," तो म्हणाला. "ती म्हणते, पांढरा डगला कुठलाही चालेल, पण मला एकदा बघू दे." मग हसला. "आणि चाळीस जागा आहेत. दोघांना दोन पुरतात."

मी हसले नाही. माझ्या बापानं निघताना सांगितलं होतं, एकच संधी, नाहीतर परत येऊन मेंढरं आणि लग्न. नवराही ठरवून ठेवला होता, आमच्या गावचा दोनदा विधुर झालेला ट्रकवाला. मी त्या दिवशी बटाट्यांपुढं बसले ती मनात विष घेऊन बसले. हा माणूस मला शिकवतोय आणि माझाच घास काढतोय, असं मला वाटत राहिलं.

परीक्षेच्या नऊ दिवस आधी मी त्याला सरोवराच्या वाटेवर पाहिलं. सकाळचं धुकं होतं, पण एवढंही नव्हतं की माणूस ओळखू येऊ नये. टोपी नव्हती, वेणी पाठीवर सुटलेली, पाय अनवाणी. तो मागं मागं चालत होता. एक पाऊल मागं टाकायचा, वाकायचा, पुढच्या मातीतून चिमटीनं काहीतरी उचलायचा आणि सदऱ्याच्या ओच्यात ठेवायचा. वाटेवरचं कुत्रं जमिनीला हनुवटी टेकून पडलं होतं आणि डोळे मिटून घेत होतं. मी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही, नुसतं आणखी एक उचललं.

मी घरी धावत आले. निकानोर स्वयंपाकघरात टोपी घालून बसला होता, दोन्या फेलिपाला कांदे सोलून देत होता.

"काय गं, भूत बघितल्यासारखं तोंड?" दोन्या म्हणाली.

मी म्हटलं, दम लागलाय.

आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो. मरण जवळ आलं की माणसाचा जीव आधीच बाहेर पडतो आणि जन्मभर जिथं जिथं चालला तिथली पावलं एकेक करून उचलत मागं जातो, थेट जन्मल्या दारापर्यंत. ज्याला तो दिसतो त्यानं घरच्यांना सांगायचं असतं. मग आई नाहीतर बायको त्याचा अंगातला सदरा घेऊन तिथं जाते, सदरा झटकत नावानं हाका मारते आणि घरी येऊन त्याच्या अंगावर घालते. वेळेत केलं तर जीव परततो. माझी धाकटी मावशी अशीच परतली, ती अजून भांडते आहे.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण त्या संध्याकाळी जेवताना मनात एकच हिशेब सुरू झाला, चाळीसातला एक गेला तर किती. मी ताट संपवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा तो मला शिकवणीच्या वर्गात दिसला. भर दुपारी वर्ग रिकामा होता. आठ वर्षं तो ज्या बाकावर बसत आला त्या बाकाखालून तो उचलत होता, जणू तिथं दाणे सांडले होते. ओचा आता जड झाला होता. त्याच दिवशी खरा निकानोर मला म्हणाला, "साबीना, हल्ली पाय फार दुखतात गं. झोपून उठलं की वाटतं, रात्रभर कुठंतरी चाललोय."

"थंडी आहे," मी म्हटलं. "दोन मोजे घालत जा."

"तू मला सांगणार होतीस का काही? चार दिवस बघतोय, तोंड उघडतेस आणि मिटतेस."

"प्रमाण अजून येत नाही मला," मी म्हटलं. त्यानं लगेच बटाटे ओढले.

परीक्षा रविवारी सकाळी होती. निकानोर माझ्या दोन ओळी पुढं बसला होता, वेणी टोपीबाहेर आली होती आणि तो एकेक गोल जपून रंगवत होता. मी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात चिटपाखरू नव्हतं आणि त्या मोकळ्या अंगणातून निकानोर मागं मागं निघाला होता, आसांगारोच्या रस्त्याकडे. ओचा इतका भरला होता की त्यानं तो दोन्ही हातांनी धरला होता. मी आत बघितलं, तो आतही होता. अजून चाळीस मिनिटं होती. उठून ओरडले असते तर माझा पेपर काढून घेतला असता. मी प्रमाणाचं गणित सोडवायला घेतलं आणि ते बरोबर आलं.

सोमवारी सकाळी निकानोर उठला नाही. दोन्या फेलिपानं दार ढकललं तेव्हा तो गार पडला होता, चेहरा अगदी स्वस्थ. तिनं रडत रडत त्याचे मोजे काढले आणि ती थांबली. मोज्यांना डागही नव्हता, पण तळवे तांबड्या मातीनं माखले होते. आमच्या गल्लीत काळा चिखल, तांबडी माती तिकडे त्याच्या गावाकडची.  दोन्यानं पाणी आणून पाय धुतले.

अकरा वाजता रेडिओवर याद्या लागल्या. रुफोला बंद करायचं सुचलं नाही. परिचर्येत तेहतिसावं नाव आलं, कावाना निकानोर. चाळिसावं नाव झालं आणि पुढचा विषय सुरू झाला. माझं नाव आलं नाही.

त्याची आई, आसुंता, दुपारच्या बसनं आली. चणीनं लहान बाई, रडली नाही. यादीचं ऐकल्यावर तिनं पोराची टोपी काढली आणि म्हणाली, "शपथ आहे त्याची. आणा कात्री." इतके दिवस ज्यांनी त्याला चिडवलं ते एकेक करून पुढं आले आणि एकेक बट कापून तिच्या शालीत ठेवत गेले. रुफोनं बट कापली आणि कात्री माझ्याकडे दिली. मीही कापली. केस गार आणि जड होते, ओले असावेत तसे.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात गेले. भिंतीवरच्या यादीत रेघेच्या खाली पहिलं नाव माझं होतं, एक्केचाळिसावं. खिडकीतला कारकून म्हणाला, "शुक्रवारी दुपारपर्यंत त्याच्या मृत्यूचा दाखला आणला तर जागा तुझी. नाहीतर ती त्याच्याच नावावर राहील, रिकामी." दाखला आसुंताकडे होता. दोन्या फेलिपानं तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारी कपडे धुताना बघू."

पाचव्या दिवशी आम्ही मेलेल्याचे कपडे वाहत्या पाण्यात धुतो. शुक्रवारी सकाळी ओढ्यावर आसुंता आणि मी दोघीच होतो. पाण्याच्या कडेला बर्फ धरला होता. तिनं त्याचा तो सदरा घेतला, ओच्याच्या जागी कापड ताणून ढिलं पडलं होतं. त्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"रविवारी दुपारी माझं कुत्रं दारात उभं राहून शेपूट हलवत होतं," ती म्हणाली. "दारात कुणी नव्हतं. तेव्हाच मला कळलं, पोचला. दाराशी पोचल्यावर हाक मारून उपयोग नसतो."

मी मोजे पिळत होते, पिळून झालेलेच पुन्हा पिळत होते.

"एवढ्या लांबवर चालत आला म्हणजे आठ-दहा दिवस फिरत असणार. एवढं मोठं गाव तुमचं. कुणाला तरी दिसला असेल." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला दिसला होता का, पोरी?"

"नाही, मावशी," मी म्हटलं.

 मग तिनं हात पुसले, छातीशी ठेवलेला दाखला काढला आणि ओला होऊ नये म्हणून माझ्याच शालीच्या कोरड्या टोकात गुंडाळून दिला.

"तू त्यानं शिकवलेली," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दिली नसती मी ही जागा."

बारा वाजायच्या आत मी खिडकीत पोचले.