दूधवाल्याची किटली

दंगलीनंतरच्या संचारबंदीचा तिसरा दिवस, गुरुवार, सकाळ. घरात हजर: सासूबाई, मी, अकरा महिन्यांची माझी मुलगी. गैरहजर: नवरा, कन्नडला कामावर अडकलेला. तांदूळ, डाळ, साखर भरपूर. दूध नाही. मुलगी पेज थुंकत होती आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता.

आदल्या संध्याकाळी मागच्या भिंतीवरून शेजारच्या भाभींनी दुधाचा पुठ्ठ्याचा डबा दिला होता. त्यांचे यजमान आखातात नोकरीला. सुट्टीवर येताना असले डबे आणायचे. तिथं ऊन भयंकर, गोठे लांब, दूध जहाजानं येतं, असं भाभींनी सांगितलं. म्हणून ते आधीच कडक तापवून बंद करतात, मग महिनोन्‌महिने फळीवर टिकतं. पहाटे दूधवाल्याची वाट कुणी बघत नाही.

सासूबाईंनी ते उकळून रात्रभर झाकून ठेवलं. आमच्याकडे दुधाची परीक्षा एकच: साय. सकाळी वर नुसता पापुद्रा होता.

"सा महिने नासत नाय, ते दूध नव्हंच," त्या म्हणाल्या आणि पातेलं मोरीत पालथं केलं.

मी अडवलं नाही. मलाही ताजंच हवं होतं. मी दूधवाल्याला फोन केला. तो दौलताबादकडचा, चार वर्षं आमच्याकडे रतीब घालणारा. आधी नको म्हणाला. मी मुलीचं रडणं फोनवर ऐकवलं.

नऊ ते अकरा संचारबंदीत सूट होती. साडेनऊला तो सायकलवर आला. मी पातेलं घेऊन दारात उभी. कोपऱ्यावर आठ-दहा जणांनी त्याला अडवलं, नाव विचारलं. त्यानं सांगितलं. ते कुठलं होतं हे मी लिहीत नाही. दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या नावाला तेच झालं असतं. पहिला दगड कपाळावर बसला. तो खाली पडल्यावर सळईनं उजव्या हातावर मारलं, तीनदा, हाड मोडल्याचं मला दारापर्यंत ऐकू आलं. एकानं किटली भिंतीवर आपटली. दुधात पाय देतच त्यांनी त्याला लाथा घातल्या. मी ओरडले नाही. दार लोटून घेतलं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा ते पांगले होते. त्याला दवाखान्यात नेलं. चेपलेली किटली मी उचलून आणली. तळाशी वाटीभर दूध राहिलं होतं. ते गाळताना त्यात रस्त्यावरची काच आणि रक्त दिसलं.

मग सासूबाई स्वतः मागं गेल्या, पालथ्या बादलीवर चढल्या आणि भिंतीपलीकडे म्हणाल्या, "बाई, मी ते ओतून दिलं. अजून हाय का?"

भाभींनी दोन डबे दिले. "लेव अम्मा. फेंको मत अब," एवढंच म्हणाल्या. मुलीनं वाटीभर दूध एका दमात संपवलं.

लोक म्हणतात, ज्याला चव कळत नाही त्यानं डब्यातलं दूध प्यावं. मी त्यानंतर घरात सहा डबे ठेवते, तारखेप्रमाणे पुढं-मागं लावून. ताज्या दुधासाठी कुणाला तरी रस्त्यावर यावं लागतं.

दूधवाला पुन्हा आला नाही. फोन बंद. त्याच्या गावात दोनदा विचारलं. हात वाकडा राहिला, बहिणीकडे खुलताबादला गेला, एवढंच कळलं. किटली ठोकून सरळ करून घेतली आहे. माळ्यावर आहे. दर जानेवारीत कामांच्या नव्या वहीत पहिली ओळ तीच उतरवते: खुलताबादला जाणे, किटली देणे, दार मी लोटून घेतलं होतं हे त्याला सांगणे.