देव अंजूरला, घर कामतघरला

माझी काकी ठमाबाई गोड बाई नव्हती. तिला गोड म्हणणाऱ्याने तिला पाहिलेलंच नाही. कामतघरात ती धवलारीण होती, म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी. भटजी उशिरा आला तर चालायचं, पण ठमाबाई रुसली की लग्न अडायचं. काका लवकर वारला, मूलबाळ नाही. घरात एका चुलीवर ती आणि माझी आई, आणि माझा बाप लडकू, जो दोघींना घाबरून फक्त आईवर ओरडायचा.

घर कौलारू, मातीच्या भिंतींचं. आजोबांच्या वाटणीत त्यांचा भाऊ देव घेऊन मानकोलीला गेला आणि घर आजोबांकडे राहिलं. आमच्यात असंच चालतं: देव एकाने न्यायचे, जुनं घर दुसऱ्याचं, मागे राहिलेल्याने नवे देव बसवायचे.

तिन्ही बाजूंना कापड विणणारे लूम आले आणि त्यांच्या हादऱ्यांनी भिंती भेगाळल्या. काकी शेणमातीने लिंपायची, पुन्हा भेगा पडायच्या. चौऱ्याहत्तर साली मागची भिंत बसली आणि भांडण उभं राहिलं. काकी म्हणे, भिंत विटांची करा, वासे बदला, घर अजून दोन पिढ्या टिकेल. बाप म्हणे, मढ्यावर पैसा घालायचा नाही. अंजूरला आपली जमीन आहे, तिथे बांधू आणि हे लूमवाल्या शेठला देऊ. अंजूरच्या घरात काकीसाठी काय? पडवीतली एक खाट. आईने मला सांगितलं आणि मी काकीला.

"पडवीत कुत्री झोपतान," काकी म्हणाली. "मी कुठं जानार न्हाय."

"वयनी, भिंत अंगावर पडंल," बाप म्हणाला.

"पडू दे. तुझ्या अंगावर तर न्हाय ना पडत?"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले ते माझ्या तोंडून. सांग तुझ्या बापाला. सांग तुझ्या काकीला. मला दोघांचाही वीट आला होता.

अंजूरचं घर उभं राहिलं, पण देवांशिवाय. देव गाऊन बोलावल्याशिवाय हलत नाहीत, आणि गाणारी काकीच. मग बापाने माझ्या लग्नाचा मांडवच अंजूरला घातला. पुतणीच्या लग्नाला ती नाही म्हणणार नाही, आणि देव गेले की मागोमाग मुकाट येईल, असा त्याचा हिशेब. माझ्या लग्नाआड लपून हा शहाणा मिशीला पीळ देत फिरत होता. त्याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

काकी आली. सगळे भाऊबंद मांडवात बसलेले. तिने कामतघरच्या देवांना हाका घातल्या. उंबऱ्यावरचे या, चुलीजवळचे या, उखळामुसळाचे या, लडकूच्या घरी या. आवाज जरासुद्धा कापला नाही. अक्षता पडल्यावर ती न जेवता उठली. "नांद नीट," एवढंच मला म्हणाली आणि चालू लागली.

मांडवपरतणीला मी अंजूरला माहेरी आले, तर बाप शेठची माणसं घेऊन कामतघरच्या घराची मापं घ्यायला निघालेला. मीही गेले. काकी उंबऱ्यात बसली होती. मांडीवर कोयता, अंगणात विटांचा ढीग. तिने अशा शिव्या घातल्या की ती माणसं "बुढिया पागल है" म्हणत गल्लीबाहेर पळाली.

"देव होतं तवर तोंड आवरत होते," ती म्हणाली. "आता देव न्हाईत. मी मोकली."

"वयनी, घर माझं पन हाय!"

"देव कुनी नेलं?"

बापाने मिशीवरचा हात खाली घेतला.

"समद्या भाऊबंदांम्होरं मी तुला देव गाऊन दिलं. तू हासत घेतलं. वाटनी झाली, लडकू. आता ह्या उंबऱ्यावर पाय ठेवशील तर तोडीन."

बाप आधी पांढराफटक पडला, मग लालबुंद. सवयीने माझ्याकडे वळला. "सांग तुझ्या काकीला!"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा निरोप पोचवला नाही. "देव तूच मागितलंस, बा," मी म्हणाले आणि विटा उचलायला पदर खोचला.