सूर्य येईपर्यंत भैरवी

विभावरीकाकूबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी तिथल्या तिथे भांडते. हे आधीच सांगून ठेवते.

काकू माझी नात्यातली कोणी नाही. इथे परदेशात, टॅला नावाच्या उपनगरातल्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ती सूप वाढते. नवरा औषधांच्या प्लांटमध्ये इंजिनियर होता. तो वारला, ती इथेच राहिली. आमच्या मराठी मंडळात बाकी सगळे सॉफ्टवेअरवाले नाहीतर प्लांटवाले. गणपती असो, संक्रांत असो, कोणी काय करायचं याचं एक्सेल हर्षवर्धनदादा बनवतो, कारण तो अध्यक्ष. पण समई कोणाच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, पडलीय, सतरंज्या कोणी परत दिल्या नाहीत, कोणाच्या पोराला शेंगदाणे चालत नाहीत, हे एक्सेलमध्ये नसतं. ते काकूच्या डोक्यात असतं.

मी फिफ्थ इयरला, म्हणजे अकरावीला, शाळा सोडली तेव्हा मंडळातले लोक माझ्याशी बोलायचे ते हळू आवाजात, पेशंटशी बोलतात तसं. काकू एकटी नीट बोलली.

"मग आता काय करतेस ग, रेवे?"

"बेकरीची व्हॅन चालवते. दुकानांत ब्रेड टाकते."

"किती वाजता निघतेस?"

"चारला."

"म्हणजे रोज उजाडताना बघतेस की तू," ती म्हणाली. खरंच हेवा वाटल्यासारखं म्हणाली. माझा हेवा त्या वर्षात दुसऱ्या कोणी केला नाही.

मग तिनं ती गोष्ट सांगितली. ती मिरजेची. वडील तानपुरे बनवायचे. सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला एका बैठकीला नेलं होतं, रात्रभर चालणाऱ्या. ती कोपऱ्यात तानपुऱ्यांसाठी आणलेल्या भोपळ्यांच्या ढिगाशी झोपून गेली. जाग आली तेव्हा एक बाई भैरवी गात होती आणि तिच्या मागच्या खिडकीत सूर्य वर येत होता. काकूला वाटलं, त्या बाईनंच गाऊन गाऊन तो वर काढला.

"मला ते अजून वाटतं," काकू म्हणाली. "हसू नको."

मी हसले नव्हते. चार वाजता गाडी चालवणाऱ्याला असलं काही अशक्य वाटत नाही. धुक्यात गाई रस्त्याच्या वर तरंगताना मी पाहिल्यात.

तर काकूला या देशात एकदा दिवाळी पहाट करायची होती. अंधारात बसायचं, पणत्या लावायच्या, ऐकायचं, आणि शेवटच्या गाण्यावर सूर्य. दहा वर्षं ती मागत होती आणि दहा वर्षं मंडळ म्हणत होतं, रविवारी पहाटे कोण उठतंय? दोन हजार सोळाला लक्ष्मीपूजन रविवारी आलं. काकूनं पॅरिशचा, म्हणजे चर्चचा, जुना हॉल शोधला. स्टेजच्या मागे पूर्वेला तीन उंच खिडक्या. छत गळतं, म्हणून तिथल्या म्हाताऱ्यांच्या नाटक ग्रुपच्या तालमी बंद पडलेल्या. काकूनं सौदा केला: हॉल फुकट द्या, तिकिटांचं सगळं तुमच्या छताला. मग मंडळाला नाही म्हणता येईना.

"एक चान्स, काकू," हर्षवर्धनदादा म्हणाला. "शंभर लोक आले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून संध्याकाळी, डीजे लावून. डन?"

"डन," काकू म्हणाली.

दादानं मिनिटामिनिटाचं एक्सेल केलं. सात वाजता सुरुवात. ललत राग, मग भूपाळी, मग दोन अभंग. आठ वाजून एक मिनिटानं भैरवी, आठ सोळाला सूर्य. गायला स्नेहलताताई, कासलबारच्या हॉस्पिटलात नर्स आहे ती. ती शनिवारीच येऊन काकूकडे राहणार होती.

शनिवारी दुपारी मी व्हॅन लावून हॉलमध्ये गेले. काकू पणत्यांत वाती घालत होती, दादा भिंतीवर वेळापत्रक चिकटवत होता. मी वाचलं. परत वाचलं.

"हे आठ सोळा कुठून आणलं?"

"वेबसाइटवरून. कालचा सूर्योदय अधिक दोन-दोन मिनिटं. का?"

"आज रात्री हिवाळ्यासाठी सगळी घड्याळं एक तास मागे जातात, दादा. उद्या सूर्य सव्वासातला येणार."

छतातून एक थेंब बादलीत पडला.

हा माणूस आठ वर्षं चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. दर वर्षी घड्याळ बदलतो. पण दिवाळीचं कॅलेंडर त्याच्या डोक्यात वेगळ्या खणात होतं, आईनं भिंतीवर लावलेलं, आणि त्या खणातली घड्याळं कधी मागे जात नाहीत. मी पण शहाणी नाही. आदल्या वर्षी याच रविवारी मी बेकरीच्या बंद दारासमोर तासभर उभी होते, म्हणून लक्षात राहिलं.

"म्हणजे ललत संपायच्या आत सूर्य," काकू हळूच म्हणाली. हातातली वात तशीच.

"सोपं आहे," दादा म्हणाला. "काळे पडदे लावू. आत दिवे. आठ सोळाला पडदे उघडायचे. भारी इफेक्ट येईल."

"नाही."

"काकू, प्रॅक्टिकली—"

"सूर्याला दाराबाहेर उभं करायचं का रे, हर्षा? पाहुण्यासारखं? थांबा म्हणायचं, तुमचा नंबर आठ सोळाला?"

"मग काय, लोकांना सहाला बोलवू? सुट्टीच्या वीकेंडला? वीस येतील."

"नवे सहा म्हणजे जुने सातच की. घड्याळ बदलतंय, माणसाची झोप थोडीच बदलतीय? येतील की."

"नाही येणार."

"बघू की."

काकू व्हॉट्सॲपवर नाही. ती माझ्या व्हॅनमध्ये बसली आणि मांडीवर वही घेऊन एकेकाला फोन लावत सुटली. मी गाडी पार ब्लँचर्डस्टाउनपर्यंत नेली, परत आणली, आणि ती सारखं तेच. "हॅलो, मी विभावरी. उद्या तिकिटावरचे सात विसरा, माझं ऐका. नव्या सहाला." नाटक ग्रुपच्या म्हाताऱ्यांच्या दारात आम्ही स्वतः गेलो. एक आजी ड्रेसिंग गाऊनमध्ये दार उघडून म्हणाली, "ग्रँड, छानच की, मी तर पाचलाच उठते, करायला काही नसतं." साठ-सत्तर घरं झाली. बाकीच्यांनी फोन उचलले नाहीत.

सकाळी सहाला हॉलमध्ये एकवीस माणसं होती. त्यातली नऊ नाटकवाल्यांची. एकवीस म्हणजे हॉलचा वॉचमन नोएल, मी आणि तबल्यावरचा अभिजित धरून. बाहेर धुकं इतकं की पार्किंगमधली माझी व्हॅन दिसत नव्हती. दादा आला नव्हता.

"सुरू करूया, ताई," काकू म्हणाली.

"लोक?"

"लोक येतील. ललत कोणासाठी थांबत नाही."

पणत्या लावल्या. नोएलनं ट्यूबलाइट बंद केल्या. आणि मग मला नीट सांगता येणार नाही, कारण मी बहुतेक अर्धी झोपेत होते. काकूच्या वडिलांनी बनवलेला तानपुरा वाजत होता, आणि वाटत होतं की तो हॉलमध्ये नाही, धुक्यात लांब कुठेतरी वाजतोय. मागचं दार मधूनमधून उघडायचं, थंडी आत यायची, तिच्याबरोबर दोन माणसं, चार माणसं, कोटांवर थेंब. झोपलेली पोरं खांद्यावर. कोणी बोलत नव्हतं. त्या ड्रेसिंग गाऊनवाल्या आजीनं शाल काढून शेजारच्या अनोळखी बाळावर टाकली. कधी भूपाळी सुरू झाली, कधी अभंग संपले, माहीत नाही. कोणीतरी हॉलची दोरी सोडलीय आणि तो हळूहळू वाहत चाललाय, असं काहीतरी.

सात वाजता भैरवी. त्याच वेळी दार उघडून हर्षवर्धनदादा आला, मागे बायको आणि मुलं. त्याच्या मागे अजून, मग अजून. सगळी फोन न उचललेली, छापलेल्या तिकिटावरचे सात बघून आलेली. खुर्च्या संपल्या. दादानं खिडक्यांकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

सात सोळा.

खिडक्या राखाडी. सूर्य नाही. सात वीस, तरी नाही. धुकं कापसासारखं काचांना चिकटलेलं.

आता हे कळायला पाहिजे की भैरवी म्हणजे शेवट. तिच्यापुढे काही गात नाहीत. ती संपली की पहाट संपली, फराळ सुरू. आणि स्नेहलताताईची पाठ खिडक्यांकडे. तिला काहीच दिसत नव्हतं, ती फक्त काकूकडे बघत होती. काकू पहिल्या रांगेत टोकाला. ताईनं शेवटचं कडवं घेतलं, आवाज खाली आणला, आता संपवणार, तेवढ्यात काकूनं हात वर केला आणि बोट गोल फिरवलं. परत. ताई पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.

दादा माझ्या कानाशी आला. "नाही येणार ग आज. काकूला सांग, संपवू दे."

"तू सांग. हिंमत असेल तर."

तो गेला नाही. जिन्याच्या पायरीवर बसला, मुलीला मांडीवर घेऊन. काकूचं बोट फिरत राहिलं. परत. परत. अभिजितचे हात दुखले असतील, तो हसत होता. तीच ओळ, पण ताई प्रत्येक वेळी दुसऱ्या वाटेनं तिच्याकडे यायची. मी काकूचा चेहरा बघत होते. साठीची बाई, गुडघे गेलेले, आणि बसली होती सहा वर्षांच्या पोरीसारखी, तोंड थोडं उघडं.

राखाडीचं कधी पांढरं झालं ते कोणी बघितलं नाही. आठ वाजायला वीस मिनिटं असताना मधल्या खिडकीत धुक्याच्या आत एक गोल दिसला. किरणं नाहीत, काही नाही. सूपच्या बशीएवढा, पांढरा, सरळ डोळ्यांनी बघता येईल असा. नोएल उभा राहिला. मग ती आजी. मग सगळे हळूहळू उभे राहिले, आणि ताईला कळेना की काय झालं.

काकूचं बोट थांबलं. हात खाली आला. ताईनं भैरवी संपवली.

टाळ्यांच्या आधी दादाची मुलगी म्हणाली, "डॅड, डिड शी डू दॅट?" दादानं काकूकडे बघितलं आणि म्हणाला, "येस."

माणसं मी मोजली नाहीत. दादानं पण नाही, आणि तो सगळं मोजतो. चकल्या पुरल्या नाहीत एवढं माहीत आहे. जाताना त्यानं भिंतीवरचं वेळापत्रक काढलं, घडी करून खिशात घातलं. "पुढच्या वर्षी वेळ तू ठरव, काकू. मी फक्त टाइप करतो."

"आणि माणसांना फोन?"

"ते पण."

काकूला घरी सोडायला निघाले तेव्हा धुकं विरत होतं. व्हॅनमध्ये कालच्या ब्रेडचा वास. काकूच्या मांडीवर तानपुरा, दोन्ही हात त्याच्याभोवती. पहिल्या वळणावर मी विचारलं, "काकू, दिसला ना पण नीट?"

डोकं काचेला टेकून ती झोपली होती, ऊन तोंडावर.

तिच्या घराजवळच्या राउंडअबाउटला, गोल चौकाला, आले. डावीकडे वळलं की दार, आणि गाडी थांबली की तिला जाग येणार. मी वळले नाही. एक फेरी मारली. मग अजून एक.