अकरा जणांची मापं

आमच्या घरात फुटबॉलचा क्लब आला तो शिलाईच्या बिलाच्या बदल्यात. क्लबाचे सदरे आमच्या देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात शिवले होते. बाकी काही फिटेना, तेव्हा चालक मंडळींनी हात वर केले आणि क्लबच आमच्या ह्यांच्या गळ्यात बांधला. एक चेंडू, हवा भरायचा पंप आणि अकरा अनवाणी पोरं. मी म्हटलं, त्यापेक्षा म्हैस आणली असती तर निदान दूध मिळालं असतं.

खालच्या गटात होतो तोवर पदरमोड झेपत होती. सामने गावातच असायचे. सदरे आम्हीच शिवायचो, अर्थात फुकट. मग एका वर्षी कळलं की आणखी एक सामना जिंकला तर क्लब वरच्या गटात जातो. वर जायचं म्हणजे अनामत भरायची, सदऱ्यांचे दोन जोड हवेत आणि अकरा जणांना रेल्वेनं बेंगळूरला न्यायचं. हे म्हणाले, वर तिकीट लावतात, त्यातून वर्षात सगळं फिटेल. किती लोक तिकीट काढतात, असं मी विचारलं. तर ह्यांनी कॉफी मागितली.

आमच्या गल्लीत एक रीत होती. गिऱ्हाइकाला एकदा टेप लावली की काम नाकारायचं नाही. माप घेतलं म्हणजे शब्द दिला. आणि ह्या शहाण्यांनी सामन्याच्या आधीच पोरांना दुकानापुढं रांगेत उभं करून नव्या सदऱ्यांची मापं घेतली. मी ती वहीत उतरून घेतली. जिंकले तर आता मागं फिरणं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी मी विठोबाच्या देवळात गेले आणि आमचाच क्लब हरू दे म्हणून हात जोडले. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. क्लब एका गोलानं जिंकला. हे धुळीनं माखून घरी आले, डोळे भरलेले. मला राग आला होता, तरी मी आंघोळीचं पाणी तापवलं.

कापड ठोक व्यापाऱ्याकडून उधार आणलं. त्याला तारण हवं होतं, म्हणून माझं शिलाईचं मशीन गेलं. ते माझ्या माहेरून आलेलं. हातगाडीवर चढवताना मी दारातून हलले नाही.

"आयतु, झालं तर मग, एकच वर्ष. मग तुझं मशीन तुझ्या दारात," हे म्हणाले.

बावीस सदरे मी हातानं शिवले. एका वर्षाची दोन झाली. तिकिटाचे पैसे मैदानाच्या भाड्यात जायचे, उरलेले रेल्वेत. पोरं बहुतेक हरायची आणि परतीच्या गाडीत ह्यांच्याच खर्चानं इडली खायची. मशीन नाही म्हणून घाईची कामं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. भांडायचाही मला कंटाळा आला.

शेवटी एका रेशीम व्यापाऱ्यानं विचारणा केली: देणं सगळं मी फेडतो, क्लब माझ्या नावावर करा. हे दोन दिवस जेवले नाहीत, मग मला विचारलं. मी म्हटलं, देऊन टाका. त्यांनी दिला. मशीन परत आलं, पट्टा तेवढा सैल झाला होता.

महिनाभरात नव्या मालकाचा कारकून निळ्या कापडाचा ताका घेऊन आला. सदरे शिवायचे होते, मापाला पोरांना कधी पाठवू म्हणाला. ह्यांच्या गळ्यात टेप होती. ती काढायला हात वर गेला आणि तिथंच थांबला.

"तूच सांग. त्या पोरांना पुन्हा टेप लावणं मला नाही जमायचं," हे मला म्हणाले.

दोन वर्षं ज्या पोरांच्या नावानं मी बोटं मोडली होती, ती एकेक डोळ्यांपुढं उभी राहिली. गोलकीपरचा उजवा खांदा उतरता होता.

"मापं बेडा, नकोतच," मी कारकुनाला म्हटलं. "अकराही जणांची पाठ आहेत मला."

शिलाई मात्र आगाऊ मागितली. त्यानं ती मशीनवर मोजून ठेवली. इतक्या वर्षांत त्या क्लबाकडून आम्हांला मिळालेली ती पहिली शिलाई. ह्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.